गेला तर आणून सोड

माझ्या सासूबाईंना अक्षरओळख नव्हती, आणि तरीही इंग्रजी क्रियापदं मी कोणत्या क्रमाने पाठ करायची हे त्यांनीच ठरवलं. आजही घरातलं एखादं पोर माझ्यासमोर ‘गो, वेंट, गॉन’ म्हणून थांबलं की माझा घास हातातच राहतो. पुढचं म्हण ना, असं मी म्हणते. पुढे काही नसतं आजी, ते तेवढंच असतं, असं मला शहाणपणाने सांगितलं जातं. त्यांच्या पुस्तकात तेवढंच असेल, आमच्या घरात तसं नव्हतं.

मी लग्न होऊन भिलाईला आले तेव्हा तिथल्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटून फार दिवस झाले नव्हते. सेक्टर दोनमध्ये आमचं क्वार्टर होतं. भिंतींना अजून चुन्याचा वास यायचा आणि बाहेर सावलीला झाड म्हणून नव्हतं. सगळीकडे लाल मुरूम. वाळत घातलेलं पांढरं धोतर दुपारपर्यंत गेरूत बुडवल्यासारखं दिसायचं. माझं माहेर गोंदियाचं, वडील रेल्वेत तिकीटबाबू. सासरे दुर्गच्या रेल्वे लाइनीवर गँगमन होते. ते माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीच वारले होते. घरात माणसं तीन. माझे मालक प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर कामाला, सासूबाई आणि मी.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. बाई बारीक, काटक आणि फटकळ. शेजारच्या तेलुगू बाईशी मराठीत भांडायच्या आणि तिचं तेलुगू उत्तर ऐकून ‘हे मात्र तिचं बरोबर हाये’ असंही म्हणायच्या. त्यांना सगळ्यात रस होता. कुणाच्या घरी काय शिजलं, प्लांटवरच्या रशियन साहेबांच्या मडमा सुपेल्याच्या बाजारात टमाटे कसे दाबून बघतात, वाण्याच्या तराजूला खाली काय चिकटवलेलं आहे. एक गोष्ट मात्र मला पहिल्या महिन्यातच खटकली. अंबाडीची भाजी सुपेल्यात ढिगाने आणि स्वस्तात मिळायची, पण आमच्या घरात ती कधीच शिजायची नाही. मला वाटलं, आंबट त्यांना सोसत नसेल.

मला कशात रस होता ते सांगते. प्लांटमध्ये. आमच्या दारातून तो नुसता धूर दिसायचा आणि दिवसातून काही वेळा भोंगा ऐकू यायचा. नवरा सकाळी सायकलवरून त्या धुराकडे जायचा आणि दुपारी नाकपुड्या काळ्या करून परत यायचा. आत काय असतं असं विचारलं की म्हणायचा, काम असतं. नव्या नवरीला एवढ्यावर गप्प बसवता येतं असं त्याला वाटायचं. आसपासच्या सगळ्या बायकांचे नवरे त्याच धुरात जात होते आणि आत नेमकं काय चालतं हे एकीलाही सांगता येत नव्हतं. मला ते फार विचित्र वाटायचं.

मग एक दिवस त्यानेच बातमी आणली, की टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बायका घेणार आहेत. मॅट्रिक पास हवी, आवाज स्वच्छ हवा, इंग्रजी कामापुरतं हवं. तो हे जेवताना सहज बोलून गेला. माझ्या मात्र हातातली भाताची पळी तशीच राहिली. प्लांटमधला प्रत्येक माणूस दुसऱ्याशी जे बोलतो ते सगळं एका खोलीतून जातं, आणि त्या खोलीत बाईला बसायला मिळतं. मी मॅट्रिक पास होते, पण इंग्रजीत अगदी काठावर. शाळेत नोकरी करायची तर ट्रेनिंग लागायचं, आणि दवाखान्यात करायची तर रक्त पाहिल्यावर मला भोवळ यायची. म्हणजे माझ्यासाठी काही होतं तर ते हेच होतं. हे हुकलं असतं तर मी जन्मभर दारात उभी राहून धूर पाहिला असता.

आत्याबाईंनी फार खळखळ केली नाही. घरचं काम सांभाळून पाहा म्हणाल्या. शिवाय तिथे काय बोलतात ते संध्याकाळी येऊन मला सांगायचं, अशी अटही घातली.

माहेराहून आणलेल्या व्याकरणाच्या पुस्तकाची शेवटची पानं मी काढली. तिथे तीन खणांत ती वाकडी क्रियापदं होती. सरळ क्रियापदांचं मला भय नव्हतं. त्यांना ‘ईडी’ची शेपटी लावली की झालं. ही मात्र आपल्या मनाची होती. मी भाकरी थापताना, भांडी घासताना मोठ्याने म्हणायची, कारण मनात म्हटलेलं माझ्या डोक्यात राहत नाही. आत्याबाई सुपात तांदूळ पाखडत ऐकायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी अर्थ विचारला. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, हे तीन शब्द एकाच क्रियापदाचे. गो म्हणजे जाणे, वेंट म्हणजे गेला, गॉन म्हणजे गेलेला.

त्यांचा हात सुपावर थांबला.

“मानूस ड्युटीवर हाये, अन् तू घरात गेला-गेला कावून करून राहिली?”

मी म्हटलं, अहो, हे इंग्रजी आहे. त्या म्हणाल्या, अर्थ तर तोच आहे ना. आपल्याकडे घरातून निघणारा ‘येतो’ म्हणतो आणि दारातलं माणूस ‘ये’ म्हणतं, एवढं मलाही माहेरी शिकवलेलं होतं. बांगडी फुटत नाही, ती वाढते. दुकानही बंद होत नाही, तेही वाढतं. तांदळाचा डबा रिकामा झाला तरी तो भरायचा झाला म्हणायचं. पण बाकीच्या घरांत ही बोलायची पद्धत होती. आत्याबाईंच्या बाबतीत ती पद्धतीच्या पलीकडची होती. मुलगा ड्युटीवर असताना त्या ‘गेला’ हा शब्द उच्चारत नसत. तो कुठे आहे असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, येईल दोन वाजता.

आता गो-वेंट-गॉन सोडून इंग्रजी कसं शिकणार? मी तसं त्यांना म्हटलं, आणि जरा फणकाऱ्यानेच म्हटलं. त्यांनी थोडा वेळ तांदळात बोटं फिरवली.

“बोल तू,” त्या म्हणाल्या. “पन गेला तर आनून सोड त्याले. अर्ध्या रस्त्यात नोको ठेवू.”

मला आधी काही कळलं नाही. मग त्यांनी विचारलं, येण्याचं काय आहे इंग्रजीत? मी सांगितलं, कम, केम, कम. मग झालं तर, म्हणाल्या. तेव्हापासून आमच्या घरात ते एकाच श्वासात म्हटलं जाऊ लागलं. गो वेंट गॉन, कम केम कम. मधे श्वास घ्यायचा नाही, कारण श्वास घेतला तर तेवढा वेळ माणूस बाहेर राहतो.

हे एकावर थांबलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण आत्याबाईंना त्यात गोडी लागली. प्रत्येक नव्या शब्दाचा अर्थ विचारायचा आणि तो घरात ठेवण्यासारखा नसेल तर त्याच्या मागे कोण लावायचं ते ठरवायचं. फॉल फेल फॉलन, म्हणजे पडणे. त्याच्या मागे राइज रोज रिझन. लूज लॉस्ट लॉस्टच्या मागे फाइंड फाउंड फाउंड. ब्रेकच्या मागे मेक. ब्रेक हा शब्द त्यांना आधीच ठाऊक होता, कारण प्लांटमध्ये ब्रेकडाउन झाला की मुलगा उशिरा यायचा. त्याचा अर्थ त्या ‘उशीर’ असाच समजत होत्या आणि मी तो दुरुस्त केला नाही. रडण्याच्या वीप वेप्ट वेप्टसाठी मी हसणं शोधलं, तर हसणं सरळ निघालं, त्या पानांवर नव्हतंच. मग गाणं घेतलं. सिंग सँग संग. रडून झाल्यावर माणूस गाईल का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, लग्नात पाहात नाहीस का.

बर्नपाशी आम्ही अडलो. मुलगा कोक ओव्हनवर, दिवसभर आगीपाशी. बर्न बर्न्ट बर्न्टला उघडं सोडायची त्यांची छाती होईना, आणि जळालेलं परत न जळालेलं करणारा शब्द पुस्तकात कुठेच नव्हता. मी सगळी पानं चाळली. मलाही तोवर या खेळाचं वेड लागलं होतं. शेवटी त्यांनीच तोडगा काढला, की त्याच्यावर पाणी ठेव. ड्रिंक ड्रँक ड्रंक. मी लगेच मान्य केलं.

कट कट कट आणि पुट पुट पुट त्यांना फार आवडले. आपल्या थोरल्या दिरासारखे आहेत म्हणाल्या, काल तेच, आज तेच, उद्या तेच. मरण्याचं काय, असं त्यांनी एकदा अगदी हळू विचारलं. मी पाहिलं, तर ‘डाय’ त्या पानांवर नव्हताच. तो सरळ शब्द आहे, शेपटी लावली की झाला. आत्याबाईंना बरं वाटलं. साहेबाने तेवढा शहाणपणा केला म्हणाल्या. मी मात्र कितीतरी दिवस विचार करत राहिले, की खाणं, पिणं, झोपणं, येणं-जाणं एवढं वाकडं आणि मरण तेवढं सरळ, हे कसं काय?

तोवर मी इंग्रजीला हसत होते, तेही एक दिवस थांबलं. गोचा वेंट कसा होतो, अक्षराला अक्षर लागत नाही, असं मी नवऱ्याला सांगत होते. तो पाय चोळत ऐकत होता. म्हणाला, आपल्या ‘जा’चा ‘गेला’ कसा होतो? मी बोटांवर मोजायला लागले. जा, गेला. ये, आला. कर, केला. दे, दिला. जन्मभर बोलत होते आणि कधी वळून पाहिलं नव्हतं. मग मला चैनच पडेना. दारावर भाजी विकायला येणाऱ्या छत्तीसगढी बाईला विचारलं, तुमचा माणूस बाजारात जाऊन आला तर काय म्हणता. गिस अन् आइस, ती म्हणाली, आणि मला काय झालं म्हणून बघत राहिली. नवऱ्याच्या मागे लागून मी त्याला एका रशियन साहेबाला दुभाष्यामार्फत विचारायला लावलं. तो लाजत लाजत विचारून आला. त्यांच्यातही जाणे ‘इद्ती’ आणि गेला ‘शोल’ असं काहीसं आहे, आणि साहेबाला या प्रश्नाचं एवढं हसू आलं, की त्याने त्याला आपली सिगारेट दिली.

मला वाटायचं, रोजच्या वापरातलं भांडंच पोचे येऊन वाकडं होतं, फळीवरचं पाहुण्यांचं भांडं जसंच्या तसं राहतं. शब्दांचंही तसंच असेल. खरं-खोटं मला माहीत नाही. मी कुणाला विचारलं नाही, कारण विचारायला कुणी नव्हतं. पण भांडी घासताना अशा गोष्टी डोक्यात आल्या की तो दिवस मला चांगला जायचा. आत्याबाईही माझ्याबरोबर पुटपुटायला लागल्या होत्या. त्यांनी तिन्ही खणांचा अर्थ आपल्यापुरता लावला होता. पहिलं म्हणजे कर, दुसरं म्हणजे झालं, तिसरं म्हणजे होऊन बसलं.

एक्स्चेंजच्या चाचणीला मी इस्त्रीची साडी नेसून गेले. तिथली मुख्य बाई ख्रिस्ती होती, केसांवर जाळी, पूर्वी रेल्वेच्या एक्स्चेंजमध्ये काम केलेली. तिने मला कानाला फोन लावून बोर्डासमोर बसवलं. शेजारच्या खोलीतून एक जण इंग्रजीत निरोप सांगणार आणि तो मी दुसऱ्या टोकाला जसाच्या तसा सांगायचा, एवढंच काम. सुरुवातीचे निरोप सरळ गेले. माझा आवाज मलाच आवडला. मग आला असा निरोप, की फोरमन कोक ओव्हनला गेले आहेत. हॅज गॉन. मी दुसऱ्या टोकाला सांगितलं, फोरमन हॅज गॉन टु कोक ओव्हन, ही विल कम.

बाईने वर पाहिलं. पुढचा निरोप, इंजिनियर साहेब बाहेर गेले आहेत. मी म्हटलं, ही हॅज गॉन आउट, ही विल कम. तिसऱ्या वेळी मी ओठ दाबून धरले होते, तरी ते बाहेर पडलंच. तिने माझ्या कानावरचा फोन काढला.

“वो आएगा, ये आपको किसने बोला?”

कुणीच नव्हतं सांगितलं. मी काय सांगणार होते तिला? सासूबाईंनी सांगितलं? ती रागावली नाही, हे तिचं मोठेपण. खुर्ची जवळ ओढून तिने हिंदीत समजावलं. माणूस गेला आहे एवढंच कळलं तर फोनवरचा दुसऱ्या कुणाला तरी शोधतो. येईल म्हटलं तर तो वाट बघत बसतो, आणि तिकडे काम अडून राहतं. आपण आपल्या पदरचं काही घालायचं नाही. ऐकलं तेवढंच पोचवायचं आणि थांबायचं. आवाज चांगला आहे, इंग्रजी चालेल, पण थांबता आलं पाहिजे. पुढच्या महिन्यात आणखी एक जागा भरायची आहे, तेव्हा या, आणि तेव्हाही असंच झालं तर पुन्हा येऊ नका.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. नवऱ्याला हसून हसून ठसका लागला. माझा संताप झाला होता, त्याच्यावर, आत्याबाईंवर आणि सगळ्यात जास्त माझ्या जिभेवर. एवढं पाठ केलं, आणि पाठ केलेलंच आडवं आलं. मी रागाने पुस्तक पत्र्याच्या पेटीत टाकलं. त्या दिवशी आत्याबाईंनी आमटीत दोनदा मीठ घातलं आणि आम्ही मुकाट्याने खाल्लं.

दुसऱ्या दिवशी नवरा सकाळच्या पहिल्या पाळीला होता. मी दुपारी तांदूळ निवडायला बसले तशा त्या समोर येऊन बसल्या. पुस्तक काढ म्हणाल्या. मी म्हटलं, कशाला, पाठ आहे सगळं, पाठ आहे हाच तर घोळ आहे. मग त्या बोलायला लागल्या. माझ्याकडे न बघता, खडे वेचत.

कितीतरी वर्षांपूर्वी एका सकाळी सासरे ड्युटीवर निघाले होते. डब्यात अंबाडीची भाजी पाहून कुरकुरले, रोज रोज हेच का म्हणाले. आत्याबाईंना राग आला. रोज दारापर्यंत जायच्या, त्या दिवशी गेल्या नाहीत. ते ‘येतो’ म्हणाले की नाही, हेही त्यांनी नीट ऐकलं नाही.

“चुलीपासूनच म्हनलं, जाय मंग. ये नाई म्हनलं,” त्या म्हणाल्या. “दुपारी लाइनीवरची मानसं आली दारात.”

तांदळातून माझा हात बाहेर येईना. एवढी वर्षं ही बाई एक भाजी शिजवत नव्हती आणि एक शब्द बोलत नव्हती, आणि मी त्याला रीत समजून मनातल्या मनात हसत होते. मला त्यांची फार दया आली, आणि दयेपेक्षाही भीती वाटली, कारण मी त्यांच्याजवळ आता काय मागणार होते ते आम्हा दोघींनाही कळत होतं. ते मला मागावंच लागलं नाही.

“आता बोल,” त्या म्हणाल्या. “गॉन बोल अन् थांब. मी बसून आहो.”

मी म्हटलं, ते घरी आल्यावर म्हणते. त्या म्हणाल्या, घरी आल्यावर म्हणून काय उपयोग, तिथे काय सगळे घरी आलेले असतात? बोल.

मी बोलले. गो, वेंट, गॉन. आणि तोंड मिटलं.

बाहेर कुणीतरी बादली आपटली. भिंतीवर ऊन आलं होतं, त्यात मुरुमाची धूळ तरंगत होती. कम माझ्या जिभेवर येऊन बसला होता आणि मी दात घट्ट धरले होते. आत्याबाईंनी पदराचं टोक मुठीत घेतलं होतं. त्यांचे ओठ हलताना मला दिसले, पण आवाज आला नाही. त्याही थांबल्या होत्या. दोन वाजताचा भोंगा झाला. गल्लीतून सायकली जायला लागल्या. शेजारच्या तेलुगू बाईचा नवरा आला, पलीकडच्या घरातला बंगाली आला. आमच्या दाराशी कुणी थांबेना. आत्याबाई उठल्या नाहीत आणि मलाही उठू दिलं नाही. मला एकदा वाटलं, म्हणून टाकावं, कोण ऐकतंय. पण त्यांच्याकडे पाहिलं आणि नाही म्हटलं. त्या माझ्यासाठी जे करत होत्या ते अर्ध्यावर टाकायचा मला हक्क नव्हता.

गल्ली रिकामी झाल्यावर सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज आला. नवरा आत आला, दोन्ही हात वंगणाने बरबटलेले. वाटेत चेन पडली होती.

“काय झालं? दोघी अशा कावून बसून राहिल्या?”

“काई नाई. हात धू,” आत्याबाई म्हणाल्या.

त्याने हात धुतले. आत्याबाईंनी पान वाढलं आणि तो जेवेपर्यंत त्याच्यासमोर बसून राहिल्या. तो दोनदा म्हणाला, अशी काय बघतेस. मी चुलीकडे तोंड करून रडून घेतलं. मागे सिंग सँग संग म्हणायची आठवणसुद्धा झाली नाही.

त्यानंतर रोज आम्ही थांबायचा सराव केला. फॉलन म्हणून थांबायचं. लॉस्ट म्हणून थांबायचं. बर्न्ट म्हणून थांबायला सगळ्यात वेळ लागला. त्या दिवशी आत्याबाई उठून माठातलं पाणी प्यायल्या, आणि मी ते पाहिलं नाही असं दाखवलं. एकदा मी चुकून कम म्हणून गेले तर त्यांनीच मला टोकलं, तुला कुणी सांगितलं तो येईल म्हणून. त्या ख्रिस्ती बाईचं वाक्य त्यांनी असं उचललं होतं, की मला हसू आलं, आणि मग त्यांनाही आलं.

पुढच्या महिन्यात मी परत गेले. बाईने मुद्दाम सगळे गेलेल्यांचेच निरोप सांगायला लावले असावेत. फोरमन गेले, साहेब गेले, गाडी गेली, फ्यूज गेला. प्रत्येक निरोप मी जेवढा ऐकला तेवढाच पोचवला आणि थांबले. दर वेळी थांबल्यावर कम माझ्या जिभेवर येऊन बसायचा, पण तो फोनमधून ऐकू जात नाही. सोमवारपासून या, ती म्हणाली.

सोमवारी सकाळी मी डबा घेतला. त्यात अंबाडीची भाजी होती. आत्याबाईंनी ती पहाटेच केली होती. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी ड्युटीवर म्हणून त्या धुराकडे निघाले होते. दारात चपला घातल्या आणि सवयीने म्हटलं, येते आत्याबाई. त्या चुलीपासून उठून दारापर्यंत आल्या. ‘ये’ म्हणतील म्हणून मी थांबले. त्यांनी चौकटीला हात लावला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “गो.”

‘जा’ हा मराठीतला शब्द त्यांच्या तोंडून मी त्या एका दुपारच्या गोष्टीशिवाय कधी ऐकला नाही, त्या दिवशीही नाही. पुढे त्या काही बोलल्या नाहीत. मी निघाले. कोपऱ्यावर जाऊन वळून पाहिलं तेव्हा त्या दारातच होत्या.

दिवसभर मी बोर्डासमोर बसले. कोण कुणाला ओरडतं, कुठे काय अडतं, कोण गेलं, कुठे गेलं, सगळं माझ्या कानातून जात होतं. त्यांना सांगायला मी इतकं काही जमवलं होतं, की वाटभर ते मनात लावत आले. संध्याकाळी वळणावर आले तेव्हा आत्याबाई दारात उभ्या होत्या. शेजारच्या तेलुगू बाईने मला नंतर सांगितलं, की दुपारपासून त्यांनी दोनदा तरी तिथे फेरी मारली होती. मी पायरीपाशी आले. त्यांनी माझ्या हातातला रिकामा डबा घेतला.

“केम,” त्या म्हणाल्या, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.